मोकळ्या जागेतली येळवस

अख्ख्या गावाला कुलूप होतं.

वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जेवढी दारं दिसली, तेवढ्या सगळ्यांना. किराणा दुकानाच्या फळ्या लागलेल्या, पिठाची गिरणी बंद. ग्रामपंचायतीच्या पायरीवर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडून मला पाहिलं, आणि मी काही विशेष नाही असं ठरवून तो परत मिटला. सकाळचे दहा वाजले होते. माझ्या काखेत नकाशाची गुंडाळी होती, खांद्याला मोजणीचा टेप आणि पायाशी फक्कीची पिशवी. मैदानावर रेघा मारायला वापरतात ती पांढरी चुन्याची भुकटी, पाच किलो.

मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं याबद्दल माझी खात्री होती.

गावाचं नाव कोळसांगवी. लातूरहून एसटीनं पाऊण तास. गावाला अगदी चिकटून शिवलिंगअप्पा हुडग्यांची चौदा एकर काळी जमीन होती. अप्पांचे दोन्ही मुलगे पुण्यात स्थायिक, अप्पांचे गुडघे गेलेले, कसायला माणूस मिळत नव्हता. जमीन बिल्डरला देऊन तिथं वसाहत उभी करायचं त्यांनीच मनावर घेतलं आणि ते काम पुण्याच्या आमच्या ऑफिसात, दाभाडे सरांकडे आलं. सरांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. माझा पहिला पूर्ण लेआउट! एकशे अठरा प्लॉट, नऊ मीटरचे रस्ते, मंदिराकडे जाणारी पायवाट, पाण्याची टाकी. मी त्या नकाशाच्या प्रेमात होते.

"ग्रामसभेचा ठराव आणलास, की शीटवर खाली तुझं नाव," सर म्हणाले होते. "नूतन भुवड. ठळक अक्षरात."

आणखी एक गोष्ट होती, ती सरांना ठाऊक नव्हती. मला तिसरा महिना होता. माझ्या आधी या टेबलावर बसणाऱ्या मॅडमनी आपली बातमी पेढे देऊन सांगितली होती आणि पुढच्याच सोमवारपासून त्या फक्त प्रिंट काढायच्या कामावर होत्या. म्हणून मी ठरवलं होतं, आधी ठराव, आधी शीटवर नाव, मग पेढे.

त्याच आठवड्यात, सोमवारी ग्रामसभा झाली होती. मी तासभर बोलले. रस्ते, गटारं, दिवे, गावातल्याच लग्न झालेल्या पोरांना पहिला हक्क, सगळं पढवल्यासारखं सांगितलं. कुणी विरोध केला नाही. फक्त मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. सुंदराबाई परीट, गावाचे कपडे धुणारी.

"बाई, ह्या कागदात पाव्हणे कुठं जेवायचे?"

"आजी, आपण सामुदायिक हॉल दिलाय ना," मी लगेच बोट ठेवलं. "दोनशे माणसांचा."

सभा हसली. ते हसू कौतुकाचं नाही एवढं मला कळलं. का नाही ते कळलं नाही. सुंदराबाई "बरं" म्हणून खाली बसली. अप्पा तर जमिनीकडेच बघत होते. सरपंच म्हणाले, "पुढच्या सोमवारी बसू." पुढच्या सोमवारी बसू म्हणजे नाही, हे मला अप्पांच्या चेहऱ्यावरून समजलं.

सर फोनवर म्हणाले, "लोकांना कागद दिसत नाही, नूतन. रेघ दिसते. गावाकडची पाच-सहा एकर यंदा पेरलेली नाही ना? तिथं फक्की मारून चाळीस प्लॉट आखून ये. माणसं आपापल्या घरात उभी राहून बघतील, मग बघ."

म्हणून मी गुरुवार धरला. अप्पांच्या शेतावर येणाऱ्या बालाजी आणि वामन या दोघा गड्यांना फोन केला. "गुरुवारी दहाला याल ना?" दोघं म्हणाले, "येतो की मॅडम." एकदा नव्हे, तीन वेळा म्हणाले. मी चिपळूणची. आमच्याकडे येतो म्हणजे येतो. पाहुण्या बाईला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून माणसं हो म्हणतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सकाळी लातूरची एसटी खच्चून भरली होती. ज्याच्या त्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली टोपली. मी म्हटलं, कुणाकडे लग्न असेल. माझ्या मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत त्या तारखेला फक्त 'अमावस्या' एवढंच लिहिलं होतं.

"कुणाला हुडकलालाव बाई?"

मी दचकून वळले. परीटगल्लीतून सुंदराबाई येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी बिंदगा, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. एवढ्या घाईतही तिनं मला नखशिखांत बघून घेतलं.

"आजी, गाव कुठं गेलं?"

"शेतात."

"सगळं?"

"आज येळवस, येळ अमावस्या. आज घरात कोण बसतंय? मला उशीर झाला, आंबील उतू गेली म्हणून." मग पिशवीकडे बघून म्हणाली, "ही काय माय, साखर?"

"फक्की. आखणीला."

"आखणी!" ती थांबली. हसावं की रागवावं ते तिनं क्षणभर तोललं आणि हसली. "येळवशीला आखणी. चल. तुझे दोघं गडी तिथंच हायत. जेवलालेत."

शेताच्या पेरलेल्या आणि न पेरलेल्या भागाच्या मधोमध, ज्वारी जिथं सुरू होते तिथं, कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून झोपडीवजा कोप केली होती, वर एक जरीची शाल पांघरली होती. कोपीत पाच दगड मांडलेले. भोवती माणसंच माणसं. बालाजी आणि वामन लहान मुलांच्या पंगतीत होते. मला बघून दोघांनी भाकरी तोंडात धरूनच उठल्यासारखं केलं.

"मॅडम, आम्ही येणारच होतो," बालाजी म्हणाला.

"कधी?"

"उद्या," वामन म्हणाला आणि सगळी पंगत हसली. मला राग यायला हवा होता. पण भाजलेल्या शेंगांचा आणि आंबट ताकाचा असा काही वास येत होता की राग कुठं ठेवावा ते सुचेना.

अप्पा कोपीसमोर बसले होते. एका वाटीत चुना कालवायची खटपट चालली होती. "गिळगिळीत झालाय," ते कुणाला तरी म्हणाले. "डबा ओल्यात राहिला. पांडवांना काय लावावं आता?"

ते पाच दगड म्हणजे पांडव. त्यांना चुना आणि तांबडी काव लावून पुजायचं, मग जेवायचं. पूजा झाली नव्हती, म्हणून लहान मुलांना तेवढं वाढलेलं, मोठ्यांची पंगत अडलेली. बालाजी-वामनना भुकेनं दम निघाला नाही, म्हणून ते मुलांत बसले होते, एवढंच.

मी पिशवीची गाठ सोडली. "अप्पा, हे चालेल?"

अप्पांनी चिमूट घेतली, अंगठ्यावर चोळली. "कशाला आणलं होतंस?"

"रेघा मारायला."

त्यांनी पिशवीत एकदा डोकावलं. मग वाटी पुढं केली. मी ओंजळभर फक्की घातली, त्यांनी पाणी टाकलं, आणि ते पाच दगड आपल्या हातानं एकेक करून पांढरे केले. एकही ओघळ नाही. माझ्या एकशे अठरा प्लॉटांच्या रेघांमधली पहिली ओंजळ अशी गेली.

पूजा झाली. एकानं बादलीतली आंबील घेऊन कडुलिंबाच्या डहाळीनं ज्वारीवर शिंपडत फेरी मारली. पळता पळता तो कानडी वळणाची एक आरोळी देत होता, बाकीचे साथ देत होते. मी शेजारच्या गुरुजींना विचारलं, "याचा अर्थ काय?"

"आमच्या पणज्याला विचारायला पाहिजे होतं," गुरुजी म्हणाले. "आम्ही फक्त ओरडतो."

मला पंगतीत सुंदराबाईशेजारी बसवलं. पानावर भज्जी आली. म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चुका, गाजर, पातीचा कांदा, सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. बाजरीचे उकडलेले उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील. ताकात शिजवलेली ज्वारी, लसूण-जिऱ्याची, थंडगार. गेले तीन आठवडे माझ्या पोटात काही ठरत नव्हतं. मी एक ग्लास प्यायले. दुसरा प्यायले. तिसऱ्याला ग्लास पुढं केला तेव्हा सुंदराबाईनं बिंदगा कलता धरला आणि हळू आवाजात विचारलं,

"कितवा?"

"तिसरा ग्लास," मी ओशाळून म्हटलं.

"ग्लासाचं कोण इचारलंय?"

मी तिच्याकडे बघितलं. नवऱ्याखेरीज जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. "तिसरा," मी म्हटलं.

"म्हणून आंबट सोडवंना तुला." तिनं ग्लास काठोकाठ भरला. "पी. आज शेताचं बी तेच हाय. ज्वारी पोटऱ्यात आली, बघ, कणीस आत हाय, भाहीर दिसंना. आज हिचं डोहाळजेवण. काळ्या आईला आंबट-चिंबट, पाच-दहा तऱ्हेचं खाऊ घालायचं. तुझंबी करून टाकू हिच्याबरूबर."

तिनं बसल्या जागी हात लांबवून ज्वारीच्या कडेच्या हरभऱ्याचा एक डहाळा उपटला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तेवढंच. आणि आपल्या पानाकडे वळली.

मी माझ्या मांडीवरच्या त्या हिरव्या घाट्यांकडे बघत बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजी, तुमचं शेत कुठल्या बाजूला?"

"मला कुठलं शेत?"

"मग?"

"हितं शेत असलेला कुणीच नाही, अप्पा सोडून. तो लोहार. तो न्हावी. ते गुरुजी, ती अंगणवाडीची बाई, तो एसटीचा कंडक्टर, तुझे दोघं गडी. शेतवाले आपापल्या शेतात जेवलालेत. आम्ही हितं. अप्पाच्या आज्यानं सांगून ठेवलंय, गावात ज्याला इतभर रान नाही, त्याची येळवस ह्या रानात. म्हणून बिंदगा घेऊन येतो. आपापल्या घरचं आणायचं, पण बसायचं अप्पाच्या पंगतीत. आम्ही पाव्हणे."

पाव्हणे कुठं जेवायचे?

माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. दोनशे माणसांचा हॉल! मी मांडीवरचा डहाळा बाजूला ठेवला, हात पुसले आणि नकाशा गवतावर पसरला. पायवाट, बांध, विहीर, सगळं जुळवून बोट सरकवत आणलं. कोप प्लॉट नंबर सत्तावन्नमध्ये होती. सत्तावन्न, अठ्ठावन्न, रस्ता, मग एकसष्ट. पंगत जिथं बसली होती तिथं तीन बेडरूमची दोन घरं आणि एक पार्किंग.

आणि मोकळी जागा? नियमाप्रमाणे जमिनीचा दहावा भाग मोकळा सोडावाच लागतो. तो मी सोडला होता. तिरक्या कोपऱ्यात, नाल्याकाठी, बाभळी आणि दलदल आहे तिथं, जिथं घर बांधलं तर विकलं गेलं नसतं. सगळेच तसं करतात. मीही केलं होतं आणि त्यावर 'उद्यान' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

अप्पा काठी टेकत माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"अप्पा, तुम्ही सभेत बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चौदा एकर मीच द्यायला निघालोय, अन् पाच दगडांसाठी रडू? लोक म्हणले असते, म्हाताऱ्याला पैसाबी पाहिजे अन् पुण्यबी." ते नकाशावर वाकले. "त्यांनीबी नाही बोललं. पंगतीत बसणारानं पंगत मागायची नसती."

मी पेन्सिल काढली. नाल्याकाठचं 'उद्यान' खोडलं. कोपीभोवती, निम्मी ज्वारी आणि निम्मी पडीक धरून, छप्पन्न गुंठ्यांचा चौकोन काढला. तेवढा वेळ माझा हात जितका ठाम होता तितका त्या आधीच्या तीन महिन्यांत कधी नव्हता.

"बालाजी, वामन, झालं का जेवण?"

"मॅडम, रेघा?" वामनचा चेहरा उतरला.

"रेघा नाहीत. चार दगड आणा. मोठे."

टेप धरून आम्ही चार कोपरे काढले. चार दगड रोवले आणि उरलेली फक्की कालवून मी स्वतः त्यांना फासली. पंगतीतून लोहार ओरडला, "पाच पांडव होते, बाईनं नऊ केले!"

"चार जण राखणीला!" मी ओरडून सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा पंगत माझ्याबरोबर हसली.

मग विहिरीच्या काठावर उभी राहून मी सरांना फोन लावला.

"किती प्लॉट आखलेस?"

"एकही नाही, सर. मोकळी जागा हलवली. मधोमध आणली."

"मधले प्लॉट सगळ्यात महाग जातात, नूतन."

"हो सर."

"आणि नाल्याकाठी घरं कोण घेणार?"

"नाल्यापासून अंतर सोडून, भराव घालून पाच बसतील. मध्ये बारा गेले. एकूण सात कमी."

"सात प्लॉट!"

"सात गेले, एकशे अकरा राहिले. जुनाच नकाशा ठेवला तर सोमवारी एकशे अठराही जातील."

"कुणी सांगितलं तुला हे? सरपंचानं?"

"कुणी नाही. जेवायला बसले होते." आणि जीभ एवढी सैल झालीच होती, तर मी पुढचंही सांगून टाकलं. "आणि सर, मला तिसरा महिना आहे. सोमवारच्या सभेला मीच येणार आहे. नंतरच्या साइटवरही मीच."

ज्वारीत एक चिमणी उतरली, उडाली, परत उतरली.

"भराव किती लागेल ते काढून पाठव," सर म्हणाले. "आणि उन्हात उभी राहू नकोस."

सोमवारी सभेला गर्दी होती. मी नवा नकाशा भिंतीवर लावला आणि एक शब्द बोलायच्या आत मागच्या रांगेकडे वळले.

"सुंदराबाई, तुमचा प्रश्न पुन्हा विचारा."

ती उठली. पदर सावरला. "पाव्हणे कुठं जेवायचे?"

मी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथं. ही जागा अप्पांची राहणार नाही, बिल्डरची नाही, घरं घेणाऱ्यांचीही नाही. ठरावात लिहिलंय, ही ग्रामपंचायतीची. कोपीला, पंगतीला, कायमची."

"अन् ज्वारी?" लोहारानं विचारलं. "ज्वारीबिगर कसली येळवस?"

ही शंका मला रविवारी रात्रभर छळून गेली होती. मंजुरीच्या कागदात अट असते, मोकळ्या जागेत झाडं आणि गवत लावावं. मी नकाशाच्या कडेला लावलेली झाडांची यादी वाचून दाखवली. कडुलिंब, चिंच, करंज, प्रत्येकी किती. आणि शेवटी, "गवताचा प्रकार: मालदांडी."

मग गुरुजी टाळी वाजवून म्हणाले, "ज्वारी गवतातच मोडते की हो! पाचवीच्या पुस्तकात आहे!"

हात वर झाले. अप्पांचा सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात उंच.

शीटवर माझं नाव आलं. पावसाळ्याच्या तोंडावर केतकी आली. तिच्या बारशाला कोळसांगवीहून पाच शेर ज्वारी आली, मालदांडी. सोबत चिठ्ठी होती, गुरुजींच्या अक्षरात: 'उद्यानातील गवत.'

आता घरं झालीत. निम्म्यात गावातलीच नवी जोडपी राहतात, निम्म्यात बाहेरून आलेली माणसं, बँकेतली, दवाखान्यातली. मी दरवर्षी येळवशीला केतकीला घेऊन जाते आणि दरवर्षी एक किलो चुना नेते. अप्पांची मुलं त्यांना पुण्याला न्यायला बघतात. अप्पा म्हणतात, येळवस झाली की बघू. वसाहतीतलं पहिलंच घर त्यांनी घेतलंय. बाकी त्यांच्या नावावर आता इतभर रान नाही.

यंदा पूजा होऊन पंगत बसत होती. चारी बाजूंच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. यायचं की नाही, बोलावलंय की नाही, अशा घोटाळ्यात. घर आहे, शेत नाही; बघायला आवडतंय, उतरायला संकोच वाटतोय. सुंदराबाई चौकोनाच्या कडेला, पांढऱ्या दगडापाशी उभी होती. कमरेवर हात, मान वर.

"ए गच्चीवाले हो! वरून काय बघलालाव? उतरा की खाली! शेत नाही ना तुम्हाला? मग हितंच जेवायचं असतंय!"

एक बाई हसून आत पळाली आणि वाटी घेऊन खाली आली. मग दोन घरं उतरली. मग चार. सुंदराबाईनं चुंबळ झटकली, बिंदगा उचलला आणि वाढायला लागली. पंगतीच्या टोकाला गुडघे पसरून अप्पा बसले होते, पानासमोर, इतरांसारखे हात मांडीवर ठेवून. केतकी जाऊन त्यांच्या अंगाला खेटली.

सुंदराबाई वाढत वाढत तिथवर आली. बिंदगा कलता धरून थांबली आणि अप्पांच्या खांद्याला हलकेच कोपर लावलं.

"अप्पा, सरका जरा. पाव्हणे आलेत."

आणि अप्पा सरकले.